हबता : ओमानच्या ईदबाजाराची गोष्ट

चौदा वर्षांपूर्वी जुन्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात मला दहा रुपयांची एक तांबडी नोट मिळाली. अशोकस्तंभ होता, मागच्या बाजूला शिडाचं गलबत होतं, सगळं ओळखीचं. फक्त रंग वेगळा आणि क्रमांकाच्या आधी ‘झेड’ हे अक्षर. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून नाणी-नोटा जमवायच्या आणि त्यांच्याबद्दल वाचायचं, एवढाच माझा अभ्यास. त्या उत्साहात मी एका छोट्या नियतकालिकात लेख लिहिला आणि ही नोट हज यात्रेकरूंसाठी काढलेली असल्याचं ठोकून दिलं. महिन्याभरात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. हजच्या नोटेवर ‘हज’ असं स्पष्ट छापलेलं असतं आणि तिच्या क्रमांकाआधी ‘एचए’ अक्षरं असतात. तुमची नोट आखातातल्या बाजारासाठी काढलेली आहे, हज आणि बाजार यांत गल्लत करू नका, असं त्यात लिहिलं होतं.

चूक मान्य केली. पण पोस्टकार्डातलं ते शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. आखातातल्या कुठल्या बाजारात ही नोट फिरली असेल? तिथला माणूस वर्षातून कधी आणि कशासाठी मोठा खर्च करत असेल? या प्रश्नांचा पाठपुरावा करताना मी ज्या बाजाराशी पोचलो तो ईदचाच बाजार निघाला. धर्म आणि बाजार यांची मी केलेली गल्लत तपशिलात चुकीची होती. पण ओमानमधल्या ईदपुरती तरी ती अगदीच वावगी नव्हती.

आधी नोटेची हकीकत थोडक्यात. आखाताच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपला रुपयाच चालत असे. कुवेत, बहरीन, कतार, आज संयुक्त अरब अमिराती म्हणतात तो प्रदेश आणि मस्कत, सगळीकडे. स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिलं. मात्र आखातातून भारतात सोन्याची चोरटी आयात वाढली. त्या सोन्याचे रुपये तिकडे जात, तिथल्या बँकांमार्फत परत येत आणि रिझर्व बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. त्यावर उपाय म्हणून 1959 मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. भारताच्या नोटा तेव्हा नाशिकच्या छापखान्यात छापल्या जात. पुढे कुवेतने 1961 मध्ये आणि बहरीनने 1965 मध्ये स्वतःचं चलन आणलं. जून 1966 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. शेवटपर्यंत तो धरून राहिला ओमान, 1970 पर्यंत. आजही ओमानी रियालाच्या हजाराव्या भागाला ‘बैसा’ म्हणतात. तो आपला पैसाच.

ओमानच्या डोंगराळ अंतर्भागात मात्र दुसरंच एक नाणं जास्त विश्वासाचं होतं. ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाच्या मुखवट्याचा चांदीचा डॉलर. तो कधीही पाडलेला असो, त्यावर साल 1780 हेच. हे नाणं व्हिएन्नाबाहेरही अनेक टांकसाळींत पाडलं गेलं आणि 1940-41 मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही. म्हणजे डोंगरातला ओमानी शेतकरी ईदच्या बोकडासाठी कनवटीची जी चांदी सोडायचा, तीही मुंबईची असू शकत होती.

आता त्या बाजाराकडे येऊ. ओमानमध्ये त्याला ‘हबता’ म्हणतात. अरबीत या शब्दाच्या मुळाशी ‘उतरणं’ हा अर्थ आहे. रमजान ईदच्या आधी, साधारण रमजानच्या पंचवीस तारखेनंतर, आणि बकरी ईदच्या आधी जिल्हज महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी गावोगाव हे बाजार भरतात. निझवा, बहला, समाइल, फंजा, रुस्ताक, इब्रा, सिनाव ही त्यांतली नावाजलेली ठिकाणं. गावांचे दिवस परंपरेने ठरलेले, म्हणून विकणाऱ्याला एक बाजार करून पुढचा गाठता येतो. डोंगरावरची वस्ती जनावरं घेऊन खाली उतरते, वाळवंटाकडचे बेदुईन आत येतात, किनाऱ्याकडचा व्यापारी तांदूळ, मसाले, कापड घेऊन वर येतो. ‘उतरणं’ हे नाव डोंगरातल्या माणसाच्या बाजूने पडलेलं आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. बाजार खाली भरतो, पण त्याचं नाव वरच्यांच्या पायांवरून आलं.

हे उतरणं किती गरजेचं होतं हे कळायला ओमानचा भूगोल पाहावा लागतो. किनारा आणि अंतर्भाग यांच्यामध्ये हजर पर्वताची भिंत आहे. आतल्या गावांचं जगणं ‘फलज’ नावाच्या पाटांवर. हे पाट डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने गावात आणतात आणि त्यावर खजुराच्या बागा उभ्या राहतात. निझव्याच्या फलज दारिससह असे पाच पाट 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण पाटाच्या पाण्यावर तांदूळ पिकत नाही. तांदूळ भारतातून यायचा, वेलची मलबारातून, लवंग झांझिबारहून. उलट दिशेला खजूर जायचा. त्यातली मबसली ही जात पिवळी असतानाच उतरवून तांब्याच्या मोठ्या कढयांमध्ये उकळतात, उन्हात वाळवतात आणि भारतात पाठवतात. तीच आपली खारीक. आपल्याकडे ओटीत पडणाऱ्या खारकेचा एक जुना रस्ता ओमानच्या या बागांपर्यंत जातो.

किनारा आणि अंतर्भाग यांचं राजकारणही बराच काळ वेगळं होतं. ओमानमधला मोठा समाज इबादी पंथाचा. हा पंथ सुन्नी नाही आणि शियाही नाही. अंतर्भागात इबादींनी निवडलेला इमाम आणि मस्कतला सुलतान अशी दोन सत्ताकेंद्रं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होती. 1920 मध्ये सीब इथे दोघांत करार झाला. त्याची कलमं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चकित झालो. मला वाटलं होतं, त्यात पंथाचे, सार्वभौमत्वाचे मोठे शब्द असतील. प्रत्यक्षात पहिली गोष्ट काय, तर आतल्या भागातून मस्कत, मत्राह, सूर अशा किनाऱ्यावरच्या गावांत येणाऱ्याच्या मालावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त कर घेऊ नये. दुसरी, त्या गावांत त्यांना सुरक्षितपणे ये-जा करता यावी. कराराआधी आतल्या खजुरावर जबर कर बसवून अंतर्भागाची कोंडी केली होती. दोन सत्तांना एकमेकींचं तोंड पाहायचं नव्हतं, पण एकीचा खजूर आणि दुसरीचा तांदूळ अडला की दोघींचं अडत होतं. हबता हा त्या परस्परांच्या गरजेचा वर्षातून दोनदा भरणारा दरबार होता, असं मी मानतो.

त्यात कॅलेंडरची गंमत आहे. आपण चांद्रमासच पाळतो, पण दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून सण ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. वर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. दिवाळी म्हटलं की खरिपाचं पीक हाती आलेलं असतं. ईदला तशी हमी नाही. खजूर उतरल्यावर ईद आली तर घरात देण्याघेण्याला काही असतं. बागेत अजून हिरवं फळ असताना आली तर उधारीवर सण. असा सण निभवायचा तर एकट्या घराच्या ताकदीवर भागत नाही. म्हणून त्यात वाटून घेण्याच्या इतक्या रीती आहेत. रमजान ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे एक ‘सा’, म्हणजे साधारण अडीच किलो धान्य फितरा म्हणून गरिबाकडे पोचवायचं. कुर्बानीच्या मांसाचे वाटे नातलगांना आणि गरजूंना. रमजानात मशिदीत रोजा सोडणाऱ्यांसाठी खजुराची झाडं वक्फ केलेली. धर्माने सांगितलेलं आणि कोरड्या मुलखाने शिकवलेलं इथे वेगळं काढता येत नाही.

हे सगळं पुस्तकांतलं होतं. 2023 च्या जूनमध्ये मी निझव्याला गेलो. निझव्यात वीसेक वर्षं नोकरी करणारे खेड तालुक्यातले एक गृहस्थ माझ्या एका स्नेह्याच्या ओळखीचे होते. त्यांनी राहायची सोय केली. त्या वर्षी ओमानची बकरी ईद 28 जूनला होती. बाजाराच्या दिवशी पहाटे त्यांनी दार वाजवलं. ‘‘भाऊ, उठा. सूर्य वर आला की बाजार संपला समजा.’’

निझव्याचा भव्य गोल बुरूज सतराव्या शतकात याअरबी इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधला. त्याच्याजवळच बाजार. मधोमध एक गोल ओटा, त्यावर माणसांची दाटी. भोवती जनावर फिरवण्यापुरती वाट आणि वाटेच्या बाहेर पुन्हा माणसांचं कडं. विकणारा बोकडाला कासऱ्याने धरून त्या वाटेवरून गोल फिरवतो आणि मोठ्याने किंमत सांगत जातो. कोणी हात दाखवला की थांबतो. घेणारा पाठीवर हात फिरवतो, दात पाहतो, आपला आकडा सांगतो. पटला तर व्यवहार, नाही तर नवा आकडा पुकारत पुढची फेरी.

आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे बरोबर उलट. आकडा सगळ्यांच्या कानावर पडला पाहिजे. मी ते बोलून दाखवलं तर खेडचे गृहस्थ म्हणाले, ‘‘इथे चोरून भाव केला तर नाव जाईल. वर्षभर तेच लोक भेटायचे.’’ रिंगणात शाळकरी मुलंही होती, अंगात पांढरा दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची कुम्मा टोपी, कमरेला छोटासा खंजर. एका आजोबांनी नातवाच्या हातात कासरा देऊन त्याला फेरी मारायला लावली. पोराचा आवाज फुटेना. कड्यातल्या माणसांनीच त्याच्यासाठी किंमत पुकारली.

बाहेर बाकीचा बाजार होता. सुऱ्या, मेंदी, मध, खेळणी, आणि तांब्याच्या कढईतून काढलेला ओमानी हलवा. साखर, स्टार्च, तूप, केशर, वेलची आणि गुलाबपाणी घालून तो तासन्‌तास घोटतात. गुलाबपाणी जबल अखदर या दोन हजार मीटर उंचीच्या पठारावरच्या गावांतलं. निझव्यात विकणारे सगळे पुरुष दिसले, पण सिनावच्या बाजारात चेहऱ्यावर बुरखा चढवलेल्या बेदुईन स्त्रिया स्वतः जनावरांचे सौदे करतात.

ईदच्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मुसल्ल्यावर नमाज झाली. मी लांब गाडीत बसून होतो. नमाज आणि खुतबा आटोपायला तासभरही लागला नाही. पुढचे तीन दिवस मात्र जेवणाचे आणि भेटीगाठींचे. गावागणिक क्रम बदलतो, पण साधारण असा : सकाळी अरसिया, म्हणजे मांस आणि तांदूळ एकत्र शिजवून घोटलेला मऊ गोळा. मग तव्यावर परतलेलं मांस. दुसऱ्या दिवशी खजुराच्या झावळीच्या काड्यांवर भाजलेलं मिश्काक. आणि ज्याची सगळे वाट पाहतात तो शुवा.

शुवासाठी मांसाला लसूण, सिरका, धने, जिरे, वेलची, लवंग, दालचिनी, मिरची यांचा मसाला चोळतात. ते केळीच्या पानांत गुंडाळून झावळ्यांच्या विणलेल्या पिशवीत, खस्फ्यात, शिवतात. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, आतून दगडांनी बांधलेला. त्यात बाभळीच्या जातीच्या समर झाडाची लाकडं जाळून रसरशीत निखारे करायचे, पिशव्या एकदम आत टाकायच्या, वर झाकण आणि झाकणावर ओली माती. कुठूनही धुराची रेघ दिसता कामा नये. हवा शिरली तर निखारा पेटतो आणि सगळ्यांच्या मांसाचा कोळसा होतो. एक दिवस, कधी दोन दिवस तो खड्डा तसाच राहतो.

‘सगळ्यांच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. एवढा खड्डा एका घरासाठी कोणी पेटवत नाही. तो वाडीचा, भावकीचा असतो. प्रत्येक घराची पिशवी वेगळी आणि तिला ओळखीची खूण : तारेचा वेढा, पत्र्याचा तुकडा, रंगीत चिंधी. मसाला घरोघरच्या बायकांचा, त्यामुळे चव प्रत्येकाची आपली. आग मात्र एकच, आणि ती नीट झाकली गेली नाही तर नुकसान सामाईक.

आता माझ्या मनातल्या शंकेबद्दल. 1970 च्या जुलैमध्ये सुलतान काबूस सत्तेवर आले तेव्हा देशात पक्का रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. तेलाच्या पैशातून रस्ते, शाळा, इस्पितळं झाली, डोंगरातल्या मुलांना किनाऱ्यावर सरकारी नोकऱ्या लागल्या. आज कित्येकदा सरकारच सांगतं की ईदच्या आधी पगार करा. कुर्बानीची जनावरं सोमालियातून जहाजांनी येतात. तांदूळ कुठल्याही दुकानात. डोंगरातल्या माणसाला उतरायची गरज उरली नाही, तो गाडीतून येतो आणि गाडीतून जातो. मग हबता म्हणजे आता जपून ठेवलेला देखावा आहे का? रिंगणाभोवती कॅमेरे घेतलेले पर्यटक पाहून मला तसं वाटलं होतं, हे कबूल करतो. त्यातला एक कॅमेरा माझाच होता.

दोन गोष्टींनी माझं मत बदललं. पहिली 2020 ची. करोनाच्या साथीत सरकारने ईदचे बाजार आणि सामूहिक नमाज दोन्ही बंद केले. हुकूम काढताना हबत्याचं नाव नमाजाच्या बरोबरीने घ्यावं लागलं. जो बाजार निव्वळ देखावा असतो त्याला बंदीच्या हुकमात एवढी जागा मिळत नाही. निर्बंध उठल्यावर तो पुन्हा भरला, आणि परदेशी बोकड स्वस्त मिळत असताना लोक रिंगणात येऊन डोंगरातल्या बोकडाला जास्त भाव देतात.

दुसरी गोष्ट खड्ड्यापाशी घडली. खेडचे गृहस्थ ज्यांच्याकडे काम करतात त्या कुटुंबाचा शुवा तिसऱ्या दिवशी उघडायचा होता. माती बाजूला केली, झाकण उचललं, वाफेचा लोट आला. लांब आकडीने एकेक पिशवी वर येऊ लागली आणि खूण पाहून मुलं नावं पुकारू लागली. अमक्या काकांची, तमक्या आत्याची. मग एक पिशवी आली, तिला निळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ. पोरांनी खेडच्या गृहस्थांचं नाव पुकारलं. त्यांनी ती घेतली, बाजूला ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘अकरा वर्षं झाली. आधी मी फक्त लाकडं टाकायचो.’’

ओमानमध्ये 2020 च्या जनगणनेनुसार दर शंभरातले सुमारे 39 लोक परदेशी आहेत. हबत्यातलं जनावर गाडीत चढवणारे, ते कापणारे, दुकानात हलवा तोलणारे हात बरेचदा त्यांचेच. जुन्या काळी ज्याची गरज होती तो डोंगरातला माणूस आणि किनाऱ्यावरचा व्यापारी. आज या समाजाला गरज आहे ती अशा परक्यांची, आणि परक्यांना त्या पगाराची. या नव्या गरजेचा मान जुन्या रीतीत होतो की नाही, हीच आता हबत्याची आणि खड्ड्याची परीक्षा आहे. एका निळ्या गाठीवरून मी निष्कर्ष काढणार नाही. बहुतेकांची पिशवी कुठल्याच खड्ड्यात नसते. ते सुट्टीचे दिवस खोलीत झोपून आणि घरी फोन करून काढतात. पण ती पिशवी मी पाहिली, आणि तिच्यासाठी अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी सरकून जागा केली होती, एवढं लिहून ठेवायला हवं.

त्या गृहस्थांची स्वतःची ईद मात्र दोन दिवसांत विभागलेली होती. ओमानचा चंद्र ओमानची समिती ठरवते, आणि तो कधी सौदीच्या आधारे येत नाही, कधी भारताशी जुळतो, कधी नाही. 2025 च्या रमजान ईदला दुबईत 30 मार्च होता, ओमानमध्ये आणि भारतात 31. त्या 2023 साली ओमानमध्ये 28 जूनला बकरी ईद झाली आणि खेडला 29 जूनला. त्याच दिवशी आपल्याकडे आषाढी एकादशी होती. 29 च्या सकाळी ते घरी फोनवर बोलत होते. इकडची सुरी धुऊन ठेवलेली आणि तिकडे नमाजाला निघायची गडबड. ‘‘माझी झाली कालच,’’ ते बायकोला सांगत होते, ‘‘आता तुमची सुरू.’’

निघताना त्यांच्या मालकांच्या वडिलांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. वेलचीची कॉफी आणि हलवा झाला. मी पिशवीतून ती तांबडी नोट काढून दाखवली. ते ऐंशीच्या पुढचे. नोट हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली, मागचं गलबत पाहिलं, हसले आणि मुलाला अरबीत काही म्हणाले. मुलाने सांगितलं, ‘‘वडील म्हणतात, एवढ्यात ईदचा बोकड यायचा. आणि वर मुलांना द्यायला सुटे उरायचे.’’

मग त्यांनी नोट परत केली आणि खिशातून शंभर बैशांची कोरी नोट काढून माझ्या हातात ठेवली. मी संकोचलो, पंचावन्नाव्या वर्षी ईदी घ्यायची म्हणजे काय. पण ते ऐकेनात. आता दोन्ही नोटा माझ्या संग्रहात एकाच पानावर आहेत.